विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर: आइस हॉकीतला फिरस्ता बचावपटू रॉन हेन्झी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रॉन हेन्झी कोण? हे नाव कधी ऐकलं नाही.

ऐकलं नसेल तर नवल नाही. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, सिडनी क्रॉस्बी आणि अलेक्झांडर ओव्हेच्किन यांची पोस्टरं लागतात. हेन्झीचं पोस्टर कुणाच्या खोलीत असेल असं वाटत नाही. तो बचावपटू, जन्म २४ मार्च १९८१, गाव अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातलं बोल्टन. २००२ ते २०२० या काळात त्याने एनएचएलमध्ये १,१३२ सामने खेळले. त्या लीगमध्ये एक सामना खेळायला मिळावा म्हणून हजारो पोरं आयुष्य घालवतात, तिथे हा माणूस हजाराच्या पुढे गेला.

त्याची शहरं क्रमाने सांगायची तर मॉन्ट्रियल, कोलंबस, अटलांटा, विनिपेग, रॅली (कॅरोलायनाचा संघ तिथला), पिट्सबर्ग, टोरोंटो आणि ओटावा. शहरं आठ, संघटना सात. हा आठ आणि सातचा फरक कुठून आला ते पुढे येईलच.

एवढे संघ बदलले म्हणजे कुणालाच तो नको होता का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तो मुळातच उलटा आहे. नको असलेल्या बचावपटूला एनएचएलमधून एकदा वगळतात आणि मग तो दिसत नाही. तो एएचएलमध्ये, म्हणजे एक पायरी खालच्या लीगमध्ये जातो, तिथून आणखी खालच्या ईसीएचएलमध्ये, मग युरोपात, मग घरी. ज्याला एक संघ सोडतो आणि दुसरा लगेच घेतो, त्याच्यात काहीतरी असतंच.

संघाच्या नजरेतून बघा. एनएचएल संघाच्या यादीत २३ खेळाडू असतात, सामन्याला २० उतरतात. त्यात साधारण सहा बचावपटू, म्हणजे तीन जोड्या. पहिल्या जोडीतला तारा संघ वर्षानुवर्षं सांभाळतो. सहावा आणि सातवा दरवर्षी बदलतो. मधले तीन-चार, म्हणजे रोज रात्री वीस मिनिटं खेळणारे, दुखापतीत फारसे न सापडणारे, प्रशिक्षकाला रात्री जागं न ठेवणारे, हे जपून ठेवण्याइतके महाग नसतात आणि फुकट मिळण्याइतके स्वस्तही नसतात. बाजारात सतत फिरतो तो हाच माल. हेन्झी वर्षानुवर्षं याच पट्ट्यात होता.

बचावपटू नेमकं करतो काय? बघताना तर सगळे नुसते पळताना दिसतात.

बर्फावर एका वेळी प्रत्येक बाजूचे सहा जण: एक गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन आघाडीचे. एनएचएलची रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. खेळाडू एकेका खेपेला, म्हणजे शिफ्टला, पाऊण मिनिटभर खेळतो आणि धापा टाकत बाकावर येतो. मग दुसरी जोडी आत. पाऊण मिनिट फार कमी वाटतं, पण जीव तोडून स्केटिंग केल्यावर तेवढ्यात पाय भरून येतात.

बचावपटूचं पहिलं काम मागे मागे जाण्याचं. समोरून पक, म्हणजे खेळातली चकती, घेऊन येणारा आघाडीचा गडी तोंड पुढे करून येतो; बचावपटू त्याच्याकडे तोंड ठेवून उलटा स्केटिंग करतो. दोघांमधलं अंतर किती ठेवायचं यात अर्धी कला आहे. फार जवळ गेलात तर तो एका वळणात निसटतो, फार लांब राहिलात तर त्याला नेम धरायला सवड मिळते.

दुसरं काम जास्त धोक्याचं. प्रतिस्पर्धी पक मागच्या कोपऱ्यात ढकलून देतो आणि दोन गडी सोडतो. बचावपटूला गोलाकडे तोंड, मैदानाकडे पाठ करून तो पक उचलायचा असतो, आणि पाठीमागून शंभर किलोचं धूड वेगाने येत असतं. आत्ता कुणाकडे पास द्यायचा हे पक हातात येण्याआधी ठरलेलं असावं लागतं. खांद्यावरून एकदा मागे बघणं एवढीच तयारी.

तिसरं काम अंगावर फटके घेण्याचं. पक म्हणजे कडक रबराची सुमारे १७० ग्रॅमची चकती. जोराचा फटका ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जातो. बचावपटू त्याच्या वाटेत मुद्दाम आडवा पडतो. आपल्या संघाचा एक जण शिक्षा म्हणून बाहेर असला की चार जणांना पाचांविरुद्ध दोन मिनिटं काढायची असतात, त्याला पेनल्टी किल म्हणतात. हेन्झीची उतारवयातली भाकरी बरीचशी या दोन मिनिटांवर होती.

आणखी एक बारकावा, माहितगारांना आवडणारा. हेन्झी डाव्या बाजूने स्टिक धरणारा, पण पिट्सबर्गमध्ये आणि नंतर टोरोंटोत त्याला उजव्या बाजूला खेळवलं. तसं खेळताना भिंतीलगतचा पक उलट्या हाताने घ्यावा लागतो, पास द्यायची दिशा बदलते, नजरेचा कोन बदलतो. उजव्या हाताचे चांगले बचावपटू नेहमीच कमी असतात, त्यामुळे तक्रार न करता दुसऱ्या बाजूला उभा राहणारा डावखुरा प्रशिक्षकाला देवासारखा वाटतो.

सुरुवात कशी झाली?

फिरस्त्यासारखी अजिबात नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल इथल्या विद्यापीठाच्या संघातून तो खेळला आणि २००० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात तिथे, मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने त्याला पहिल्याच फेरीत, १३ व्या क्रमांकावर उचललं. मॉन्ट्रियल म्हणजे हॉकीची पंढरी. तिथे पहिल्या फेरीत निवड झालेल्या पोराकडून लोक तारा होण्याची अपेक्षा ठेवतात.

ते घडलं नाही. २००२–०३ मध्ये मॉन्ट्रियलकडून २१ सामने, पुढच्या मोसमात ११. बाकी काळ खालच्या एएचएलमध्ये, आधी क्वेबेक आणि मग हॅमिल्टन. २००४–०५ चा एनएचएल मोसम मालक आणि खेळाडू यांच्या भांडणात संपूर्ण बुडाला, तेव्हाही तो हॅमिल्टनमध्येच खेळत होता. चोविसाव्या वर्षी पहिल्या फेरीची निवड खालच्या लीगमध्ये अडकलेली असेल, तर संघाच्या कार्यालयात त्या फाइलवर धूळ बसायला लागते.

मग मॉन्ट्रियलहून सुटका कशी झाली?

वेव्हर्समुळे. हा नियम समजून घेतला की फिरस्त्यांची अर्धी दुनिया समजते.

खेळाडू नवखा असेपर्यंत संघ त्याला वर-खाली हवं तसं हलवू शकतो. वय आणि सामने यांची ठरावीक मर्यादा ओलांडली की तसं करता येत नाही. खाली पाठवायचं असेल तर त्याचं नाव आधी सगळ्या लीगसमोर ठेवावं लागतं. इतर संघांना २४ तास मिळतात. कुणी हात वर केला तर खेळाडू कराराच्या रकमेसकट त्या संघाचा, आणि जुन्या संघाला बदल्यात खेळाडू मिळत नाही. एकापेक्षा जास्त संघांनी मागितलं तर गुणतालिकेत ज्याची अवस्था सगळ्यात वाईट, त्याला पहिला मान.

नोव्हेंबर २००५ मध्ये कोलंबस ब्लू जॅकेट्सने हेन्झीला असं वेव्हर्सवरून उचललं. कोलंबस तेव्हा दुबळा संघ होता, आणि फिरस्त्याच्या दृष्टीने दुबळा संघ म्हणजे पर्वणी, कारण तिथे बर्फावर जागा रिकामी असते. २००६–०७ मध्ये तो ८० सामने खेळला, गोल आणि पास मिळून ३४ गुण केले. मॉन्ट्रियलला ज्याचं काय करावं कळत नव्हतं, तो इथे रोजचा माणूस झाला.

संघ बदलण्याचे मार्ग तरी किती?

हेन्झीची कारकीर्द शिकवायला इतकी सोयीची आहे ती यामुळेच. जवळजवळ सगळे मार्ग त्याने एकट्याने वापरले.

ड्राफ्टने मॉन्ट्रियल. वेव्हर्सने कोलंबस. मग २००८ च्या उन्हाळ्यात तो मुक्त झाला. मालक आणि खेळाडू यांच्यातल्या २००५ च्या करारानुसार २७ वर्षं पूर्ण झालेला खेळाडू, करार संपल्यावर, हवा त्या संघाशी बोलू शकतो. हेन्झीने त्याच मार्चमध्ये सत्ताविसावं वर्ष पूर्ण केलं होतं. अटलांटा थ्रॅशर्सने त्याला पाच वर्षांसाठी २ कोटी २५ लाख डॉलर दिले. अडीच वर्षांपूर्वी वेव्हर्सवर पडलेल्या माणसाला! नशीब म्हणा, पण त्या वयात मुक्त होण्याआधीचे दोन मोसम त्याने पक्के खेळून काढले होते, तेही विसरू नका.

चौथा मार्ग खेळाडूच्या हातातला नसतो. अटलांटात हॉकीला प्रेक्षक कमी पडले, २०११ मध्ये संघ विकला गेला आणि कॅनडात विनिपेगला हलला. हेन्झी संघ न सोडता देश बदलून बसला. जॉर्जियाच्या उकाड्यातून थेट मॅनिटोबाच्या प्रेअरीत, जिथे जानेवारीत उणे तीस अंश ही रोजची बातमी. आठ शहरं आणि सात संघटना हे गणित इथे सुटतं.

पुढे २०१३ मध्ये तो पुन्हा मुक्त झाला, पण या वेळी उन्हाळाभर फोन वाजला नाही. सराव शिबिरं तोंडावर आली तेव्हा, सप्टेंबरमध्ये, कॅरोलायना हरिकेन्सने एका वर्षासाठी २० लाख डॉलर देऊ केले. ३२ वर्षांचा माणूस, आधीच्या पगाराच्या निम्म्याहून कमी पैसा. त्याने घेतला, खेळून दाखवलं आणि पुढे तीन वर्षांचा करार मिळवला.

आणि ट्रेड? एवढ्या भटकंतीत त्याची अदलाबदल फक्त एकदा झाली, २३ फेब्रुवारी २०१७ रोजी. कारकिर्दीचं सोनं झालं ते त्या एका ट्रेडने.

ट्रेड करताना खेळाडूला विचारतात का?

बहुतेकदा नाही. करारात तसं कलम घालून घेतलं असेल तरच त्याला नकार देता येतो, आणि असं कलम मिळवण्याइतका दबदबा सगळ्यांचा नसतो. सकाळी सराव, दुपारी व्यवस्थापकाचा फोन, रात्री विमान. हॉटेलचा आणि सामान हलवण्याचा खर्च संघ करतो. मुलांची शाळा, बायकोची नोकरी, घराचं भाडं यांचा ताप कुटुंबाच्या वाट्याला. युरोपातल्या फुटबॉलमध्ये खेळाडूच्या होकाराशिवाय बदली होत नाही, त्यामुळे तिकडून आलेल्यांना हा प्रकार रानटी वाटतो. मला स्वतःला तो अजूनही विचित्रच वाटतो. पगार मोठा आहे म्हणून माणसाला पार्सलसारखं पाठवावं का, हा प्रश्न पैशाने सुटत नाही.

९०७ सामन्यांचा विक्रम म्हणजे काय?

हेन्झीच्या काळात एनएचएलमध्ये प्रत्येक संघाचे साखळी सामने ८२ असायचे. त्यातून सोळा संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत जातात, आणि लीगचा चषक, स्टॅनली कप, तिथे ठरतो. चांगल्या खेळाडूला दोन-तीन वर्षांत एकदा तरी प्लेऑफ बघायला मिळतोच. हेन्झीने प्लेऑफचा एकही सामना न खेळता ९०७ साखळी सामने खेळले. तोवरच्या इतिहासात पहिल्या प्लेऑफसाठी एवढी वाट कुणी पाहिली नव्हती.

त्याचं दुर्दैव कसं होतं ते बघा. अटलांटा प्लेऑफला गेला तो एकदाच, २००७ मध्ये. हेन्झी आला २००८ ला. कोलंबस आपल्या इतिहासात पहिल्यांदा प्लेऑफला गेला २००९ मध्ये. हेन्झीने आदल्याच उन्हाळ्यात संघ सोडला होता. विनिपेग २०१५ मध्ये गेला, तो निघून गेल्यावर दोन वर्षांनी. कॅरोलायनाचा दुष्काळ २००९ पासून २०१९ पर्यंत चालला आणि हेन्झीची चार वर्षं नेमकी त्याच्या पोटात. ज्या बसस्टॉपवर हा उभा राहील तिथली बस एक तर नुकतीच गेलेली किंवा हा निघाल्यावर येणारी.

लोक या आकड्याकडे बघून हळहळतात. मला त्यात दुसरंच दिसतं. वाईट संघांचे प्रशिक्षक बदलतात, व्यवस्थापक बदलतात, खेळाडू तर आधी बदलतात. अशा पडत्या घरांमध्ये नऊशे रात्री ज्याचं नाव यादीत लिहिलं गेलं, त्याला ते प्रत्येक नव्या मालकासमोर पुन्हा मिळवावं लागलं.

मग २०१७ मध्ये काय घडलं?

पिट्सबर्ग पेंग्विन्स हा आदल्या वर्षीचा विजेता संघ. त्यांच्याकडे क्रॉस्बी, मॅल्किन, केसल. पण बचावफळी दुखापतींनी खिळखिळी झाली होती. त्यांनी हेन्झीला आणलं. बदल्यात कॅरोलायनाला त्या वर्षीच्या ड्राफ्टमधली दुसऱ्या फेरीची निवड आणि डॅनी क्रिस्टो नावाचा खालच्या लीगमधला खेळाडू. हेन्झीचा निम्मा पगारही कॅरोलायनाने आपल्याकडे ठेवला. पगारावर कमाल मर्यादा असलेल्या लीगमध्ये ही युक्ती नेहमीची आहे: विकणारा पगाराचा भार उचलतो आणि त्या बदल्यात किंमत चांगली घेतो.

पिट्सबर्गकडून साखळीत तो फक्त १६ सामने खेळला. तेवढ्यात संघाचा पहिला बचावपटू क्रिस लेटँग मानेच्या दुखण्यामुळे संपूर्ण प्लेऑफला मुकणार हे जाहीर झालं. आता ३६ वर्षांच्या, प्लेऑफचा वाराही न लागलेल्या माणसाला ब्रायन ड्यूमोलिनच्या जोडीला वरच्या फळीत उभं राहायचं होतं.

१२ एप्रिल २०१७, पहिला प्लेऑफ सामना. समोर कोण? कोलंबस. ज्यांनी त्याला वेव्हर्सवरून उचललं होतं तेच.

पिट्सबर्गने कोलंबसला हरवलं, मग वॉशिंग्टनला सात सामन्यांत, मग ओटावाला सात सामन्यांत दुसऱ्या जादा वेळेत. हेन्झी सगळे २५ सामने खेळला. अंतिम फेरीत नॅशव्हिल समोर होतं. पाचवा सामना पिट्सबर्गने ६–० जिंकला आणि त्यातला एक गोल हेन्झीचा. ११ जूनला नॅशव्हिलमध्ये सहावा सामना. संपायला दीड-दोन मिनिटं उरली असताना पॅट्रिक हॉर्नक्विस्टने कोंडी फोडली, मग रिकाम्या गोलात कार्ल हॅगेलिनने दुसरा मारला. २–०, आणि चषक पुन्हा पिट्सबर्गचा.

स्टॅनली कप लीगचा आयुक्त आधी कर्णधाराच्या हाती देतो. कर्णधार तो उंचावून एक फेरी मारतो आणि मग दुसऱ्या कुणाला देतो. तो दुसरा माणूस कोण, याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, कारण त्यात कर्णधाराचा कौल असतो. क्रॉस्बीने कप हेन्झीच्या हातात दिला. साडेतीन महिन्यांपूर्वी संघात आलेल्या माणसाच्या.

फक्त १६ साखळी सामने खेळून चषकावर नाव कसं कोरलं गेलं?

नियम असा की निम्मे साखळी सामने, म्हणजे तेव्हा ४१, किंवा अंतिम फेरीतला किमान एक सामना. हेन्झी दुसऱ्या अटीत बसला.

तो विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे?

नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये जेफ स्किनर १,०७८ सामन्यांनंतर एडमंटनकडून पहिला प्लेऑफ सामना खेळला. गंमत म्हणजे कॅरोलायनात स्किनर आणि हेन्झी चार मोसम एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसायचे.

पैसे किती मिळतात? भटकंती परवडते का?

कुठल्या पायरीवर आहात त्यावर आहे. एनएचएलचा किमान वार्षिक पगार २०२५–२६ मध्ये ७ लाख ७५ हजार डॉलर होता. तीस-पस्तीस लाखांचा करार मिळालेला मधल्या फळीतला बचावपटू निवृत्तीपर्यंत निवांत होतो, जर पैसा नीट सांभाळला तर. कॅनडातल्या संघांतही पगार अमेरिकी डॉलरमध्येच.

एक पायरी खाली एएचएल. इथे अनेकांचा करार दुहेरी असतो: वर खेळलात त्या दिवसांचा दर वेगळा, खाली खेळलात त्याचा वेगळा, आणि फरक कित्येक पट. म्हणून वर आलेला माणूस घोटा सुजला तरी बूट बांधतो. आणखी खाली ईसीएचएल, तिथे आठवड्याला काही शे डॉलर, राहायला संघाची जागा, बसचा प्रवास रात्रभर. तिथे खेळणारे उन्हाळ्यात दुसरं काम करतात.

आणि मग युरोप. स्वित्झर्लंड, स्वीडन, जर्मनीत चांगला पैसा आहे, पण परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या. करारासोबत बरेचदा घर आणि गाडी मिळते. ब्रिटनच्या लीगमध्ये तर काही खेळाडू करारातच विद्यापीठाचा अभ्यासक्रम मागून घेतात आणि खेळता खेळता पदव्युत्तर शिक्षण उरकतात. मला हा सगळ्यात शहाणा सौदा वाटतो.

हेन्झी पहिल्या फेरीतला होता. शेवटच्या फेऱ्यांतल्या पोरांचं काय?

त्याच २००० च्या ड्राफ्टमधला डेरेक एंगेलँड घ्या. सहावी फेरी, १९४ वा क्रमांक, न्यू जर्सीने निवडलेला. त्यांच्याकडून एकही सामना नाही. ईसीएचएलमध्ये लास व्हेगासच्या रँग्लर्स संघाकडून दोन वर्षं, मग इकडे-तिकडे, मग एएचएल. एनएचएलचा पहिला सामना नोव्हेंबर २००९ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, पिट्सबर्गकडून. पुढे कॅल्गरी. २०१७ मध्ये व्हेगासला एनएचएलचा नवा संघ मिळाला आणि त्यांनी एंगेलँडला घेतलं. तरुणपणी तिथे खेळताना त्याने तिथलीच मुलगी केली होती आणि घरही तिथेच होतं, म्हणजे हा फिरस्ता फिरून सासुरवाडीला आला.

१ ऑक्टोबर २०१७ ला त्या शहरात भीषण गोळीबार झाला. नऊ दिवसांनी घरच्या पहिल्या सामन्याआधी प्रेक्षकांशी बोलायला संघाने एंगेलँडला पुढे केलं. तो बोलला, आणि मग त्याच सामन्यात त्याने गोलही केला. त्याआधी पावणेपाचशेच्या आसपास सामन्यांत त्याचे गोल दोन डझनही नव्हते.

ड्राफ्टचा क्रमांक संधी किती वेळा मिळेल एवढंच ठरवतो. हेन्झीला मॉन्ट्रियलने पाच वर्षं दिली. एंगेलँडला न्यू जर्सीने एकही दिवस दिला नाही.

सगळ्यात जास्त संघ कुणी बदलले?

आघाडीचा माइक सिलिंजर, बारा संघ. बचावपटूंमध्ये मिशेल पेटी दहा संघांकडून खेळला, आणि तोही पहिल्या फेरीतलाच होता: १९८२, ११ वा क्रमांक, व्हँकूवर. त्यांच्या शेजारी हेन्झी घरकोंबडा ठरेल.

२०१२ च्या टाळेबंदीशी हेन्झीचा काय संबंध?

बराच. टाळेबंदी आणि संप यांतला फरक मुंबईच्या गिरण्यांनी आपल्याला शिकवलेला आहे. इथे कुलूप लावणारे मालक अब्जाधीश आणि दाराबाहेरचे कामगार लक्षाधीश, म्हणून सहानुभूती कुणालाच मिळत नव्हती. सप्टेंबर २०१२ मध्ये करार संपला. मालकांना खेळाडूंचा महसुलातला ५७ टक्के वाटा खाली आणायचा होता. वाटाघाटी जानेवारी २०१३ पर्यंत चालल्या, मोसम ४८ सामन्यांवर आला, आणि वाटा ५०–५० ठरला.

खेळाडूंच्या संघटनेकडून जे वाटाघाटीला बसले त्यांत हेन्झी सतत होता. ताऱ्यांना कराराच्या कलमांची तेवढी पर्वा नसते, त्यांना कुठेही पैसा मिळतो. वेव्हर्स, मुक्त होण्याचं वय, टाळेबंदीत बुडालेले पगार, यांच्या झळा लागतात मधल्या फळीला. ज्याने हे सगळे नियम स्वतःच्या अंगावर घेतले होते, तो ते कलम दर कलम वाचणारच.

२०१३ च्याच उन्हाळ्यात त्याचा विनिपेगशी करार संपला आणि सप्टेंबरपर्यंत कुणी विचारलं नाही. या दोन गोष्टींचा संबंध तेव्हा अनेकांनी लावला. तो वयाचा परिणाम होता की कमी झालेल्या पगारमर्यादेचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

निवृत्तीनंतर तो काय करतो?

चषकानंतर टोरोंटोने त्याला दोन वर्षांसाठी ६० लाख डॉलर दिले. मॉर्गन रायलीच्या जोडीला उजव्या बाजूला, शिवाय पेनल्टी किल. दोन्ही वर्षी टोरोंटो पहिल्याच फेरीत बॉस्टनकडून सातव्या सामन्यात हरलं, आणि टोरोंटोच्या रीतीप्रमाणे खापर बचावावर फुटलं. त्यात हेन्झीच्या वाट्यालाही भरपूर आलं. ओटावातलं एक वर्ष मार्च २०२० मध्ये कोविडमुळे अर्धवट थांबलं आणि तोच शेवट ठरला. पुढे तो खेळाडूंच्या संघटनेतच नोकरीला लागला आणि सहायक कार्यकारी संचालकपदापर्यंत पोचला.

भारतीय वंशाचा असा फिरस्ता कुणी झाला का?

रॉबिन बावा. ब्रिटिश कोलंबियातला शीख कुटुंबातला मुलगा, एनएचएल खेळणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू, पदार्पण १९८९–९० मध्ये वॉशिंग्टनकडून. तो बचावपटू नव्हे, आघाडीचा. वॉशिंग्टन, व्हँकूवर, सॅन होजे, अॅनाहाइम मिळून ६१ सामने. उरलेली कारकीर्द खालच्या लीगमध्ये. कॅनडात २००८ पासून या खेळाचं पंजाबी समालोचनही होतं आणि ते ऐकण्यासारखं असतं. भारतात हा खेळ मुख्यतः लडाखचा. २०२५ मध्ये आपल्या महिला संघाने आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं, त्यातही लडाखी मुलींचाच भरणा.

सामना बघताना अशा बचावपटूकडे कसं बघावं?

पूर्वेकडच्या शहरांतला संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे साडेपाचला, मार्चच्या मध्यापासून साडेचारला सुरू होतो. उठलातच तर एक शिफ्टभर पकाकडे बघू नका. एक बचावपटू निवडा आणि फक्त त्यालाच बघा: कोपऱ्यात पक आणायला जाताना तो किती वेळा खांद्यावरून मागे बघतो, गोलसमोरच्या गर्दीत स्टिक कुठे टेकवतो, पास दिल्यावर लगेच कुठे सरकतो. समालोचकाने संपूर्ण सामन्यात त्याचं नाव तीन-चारदाच घेतलं आणि संघाने गोल कमी खाल्ले, तर पुढच्या वर्षी तो कुठल्या शहरात असेल ते सांगता येत नाही, पण लीगमध्ये असेल.